आरंभीची शिल्लक

वहीपूजन झाले की नव्या वहीच्या पहिल्या पानावर आरंभीची शिल्लक लिहिली जाते. पुढे वर्षभर व्यवहार कितीही चोख झाला, तरी ती एक रक्कम चुकलेली असेल तर ताळेबंद जुळत नाही. माणसाच्या देहाची वही उघडतानाही अशीच एक नोंद होत असते आणि ती आईच्या ताटातून उतरते, असे गेल्या काही दशकांतील संशोधन सांगते. मात्र ही नोंद केव्हा होते, याविषयी आपल्या घरांत मोठा गैरसमज आहे.

गर्भवतीचे कौतुक आपल्याकडे सातव्या महिन्यात शिगेला पोहोचते. डोहाळजेवण म्हणा, सीमंत म्हणा, खोळा भरण्याचा विधी म्हणा. त्या दिवशी तिच्या ताटात काय वाढू आणि काय नको असे होऊन जाते. हौस योग्यच आहे. परंतु तोपर्यंत वहीची पहिली पाने लिहून झालेली असतात.

याचा सर्वांत ठळक पुरावा हॉलंडमधून आला. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४ च्या हिवाळ्यात, जर्मन सैन्याने त्या देशाच्या पश्चिम भागाची अन्नवाहतूक रोखली. नोव्हेंबरअखेर माणशी शिधा दिवसाला १,००० कॅलरींच्याही खाली गेला आणि पुढे कित्येक आठवडे तो ४०० ते ८०० कॅलरींवर राहिला. मे १९४५ मध्ये देश मुक्त झाला आणि उपासमार संपली. रेशनच्या आणि प्रसूतीच्या नोंदी शिस्तीने जपलेल्या असल्यामुळे, कोणते मूल गर्भावस्थेच्या कोणत्या महिन्यात भुकेच्या तडाख्यात सापडले, हे पुढे काढता आले. सुमारे साठ वर्षांनंतर या व्यक्तींचे रक्त तपासून त्यांची तुलना दुष्काळाची झळ न लागलेल्या त्यांच्याच सख्ख्या भावंडांशी करण्यात आली. हे संशोधन २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. गर्भधारणेच्या सुमारास ज्यांच्या आईची उपासमार झाली होती, त्यांच्या वाढीशी संबंधित एका जनुकावरील रासायनिक खुणा भावंडांपेक्षा कमी आढळल्या. अखेरच्या महिन्यांत उपासमार झालेल्यांची जन्मवजने कमी होती, पण या खुणांत मात्र फरक नव्हता.

या खुणा म्हणजे काय? जनुके ही वहीतील छापील मजकुरासारखी असतात, ती बदलत नाहीत. परंतु कोणते पान उघडे ठेवायचे आणि कोणते मिटून ठेवायचे, हे जनुकांवर चिकटणारे मिथाइल नावाचे सूक्ष्म रासायनिक गट ठरवतात. या शास्त्राला एपिजेनेटिक्स म्हणतात. २००३ मध्ये अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात गाभण उंदरिणींना फोलिक ॲसिड, जीवनसत्त्व बी-१२ आणि तत्सम पदार्थ जादा दिले गेले, तेव्हा पिवळ्या रंगाकडे व स्थूलतेकडे झुकणाऱ्या त्या वंशात तपकिरी पिले अधिक जन्मली. जनुके तीच होती. त्यांवरील खुणा बदलल्या होत्या. उंदरांत जितक्या स्वच्छपणे हे दिसते तितके माणसांत दिसत नाही, हेही येथेच नमूद करायला हवे.

शरीरात मिथाइल तयार होण्याचा व्यवहार संयुक्त खात्यासारखा आहे. फोलेट आणि बी-१२ अशा दोन सह्या लागतात. एक सही नसेल, तर दुसरीकडे कितीही रक्कम साठलेली असली तरी ती वटत नाही. फोलेट पालेभाज्यांतून आणि कडधान्यांतून मिळते, शिवाय गर्भवतीला त्याची गोळी दिलीच जाते. बी-१२ मात्र वनस्पतींत नसते. शाकाहारी घरात ते जवळजवळ केवळ दूध, दही, ताक आणि पनीर यांतूनच येते.

हा मुद्दा आपल्या घरांच्या किती जवळचा आहे, हे पुण्यात दिसले. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांतील मातांचा दीर्घकालीन अभ्यास हाती घेतला. तेथील बाळांचे सरासरी जन्मवजन २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. पण आपली बाळे सर्वच बाबतींत सारखी लहान नव्हती. स्नायू बरेच कमी आणि त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून, अशी त्यांची ठेवण होती. बारीक दिसणाऱ्या माणसाला चाळिशीत मधुमेह कसा होतो, या नेहमीच्या प्रश्नाच्या उत्तराची सुरुवात कदाचित येथे असावी. तपासलेल्या मातांपैकी दोन-तृतीयांश जणींमध्ये बी-१२ कमी होते, तर फोलेटची कमतरता अवघ्या एकीत सापडली. ज्यांचे फोलेट सर्वाधिक आणि बी-१२ कमी, त्या मातांच्या मुलांचे शरीर सहाव्या वर्षीच इन्सुलिनला सर्वांत कमी दाद देत होते. हा आढळलेला संबंध आहे, कार्यकारणाची सिद्धता नव्हे. म्हणून फोलिक ॲसिडची गोळी कोणीही आपल्या मनाने बंद करू नये. बाळाच्या मेंदू व मणक्यातील गंभीर दोष ती टाळते.

हे गरिबांचे दुखणे आहे, असे मानून पान उलटण्याचे कारण नाही. याच संशोधकांनी २००६ मध्ये पुणे परिसरातील पुरुषांची पाहणी प्रसिद्ध केली. खेड्यातील, झोपडपट्टीतील आणि शहरी मध्यमवर्गातील पुरुषांत बी-१२ ची कमतरता सर्वाधिक निघाली ती मध्यमवर्गात : ८१ टक्के. भरल्या घरातही ही शिल्लक कमी असू शकते. मोठ्या पेलाभर दुधातून साधारण एक मायक्रोग्रॅम बी-१२ मिळते आणि गर्भवतीची रोजची गरज दोन ते अडीच मायक्रोग्रॅमची आहे. सकाळी दोन चहा, दुपारी वाटीत उरलेले ताक आणि रात्री सर्वांचे वाढून झाल्यावर दुधाच्या पातेल्याची खरवड, असा घरच्या सुनेचा हिशेब असेल, तर तो जुळणार नाही. शाकाहार सोडण्याचा येथे प्रश्नच उद्भवत नाही. औषधाच्या दुकानातील बी-१२ जीवाणूंपासून तयार होते. प्रश्न आहे तो तपासणी वेळेवर करण्याचा. सोयरीक जुळवताना दोन्ही घरांची उलाढाल बारकाईने तपासणारी मंडळी रक्ताच्या एका साध्या चाचणीचा विचारही करत नाहीत.

आहारातून काय साधते, हे पाहण्याचा मोठा प्रयोग २००६ ते २०१२ या काळात मुंबईच्या झोपडपट्ट्यांत झाला. साडेसहा हजार स्त्रियांना गर्भधारणेच्या आधीपासून रोज एक खाऊ देण्यात आला. निम्म्या जणींच्या खाऊत पालेभाजी, फळे आणि दूध, तर उरलेल्यांच्या खाऊत बटाटा, कांदा यांसारख्या कमी पोषणाच्या भाज्या. कमी कसाच्या गटासाठी नेमके हेच दोन जिन्नस निवडले गेले, हे वाचून काही घरांत मिस्कील हसू उमटेल! सरसकट पाहता जन्मवजनात फरक पडला नाही. मात्र गर्भधारणेपूर्वी किमान ९० दिवस हा खाऊ सुरू झालेल्यांची बाळे सरासरी ४८ ग्रॅमने वजनदार निघाली. गर्भावस्थेतील मधुमेहाचे प्रमाण दुसऱ्या गटात १२.४ टक्के, तर पालेभाजी-दुधाच्या गटात ७.३ टक्के होते. ४८ ग्रॅम म्हणजे फार नव्हे, असे कोणी म्हणेल. पण ती बाळांची सरासरी आहे आणि मधुमेहाचा आकडा आईच्याही प्रकृतीचा आहे.

पुण्याच्या त्या सहा गावांत १९९३ नंतर जन्मलेली बाळे पुढे कॉलेजच्या वयाची झाली. तेव्हा, २०१२ मध्ये, त्यांच्यावर नवा प्रयोग सुरू झाला. लग्न आणि अपत्य यांच्या कितीतरी आधीपासून त्यांतील काहींना रोज २ मायक्रोग्रॅम बी-१२ ची गोळी देण्यात आली. त्यांत मुलींबरोबर मुलगेही होते.