नावे कोणाच्या?

पनवेल मागे टाकून पळस्पे फाट्यावरून कोकणाचा रस्ता धरला, की पावसाळ्यात प्रत्येक वाहनचालक नकळत ईर्यासमिती पाळू लागतो. साधू-साध्वी पावलापुढची चार हात जमीन न्याहाळत चालतात, ते पायाखाली एखादा जीव येऊ नये म्हणून. मुंबई-गोवा महामार्गावरचा चालकही नजर तितकीच खाली ठेवतो. त्याची दया मात्र गाडीच्या चाकांपुरती आणि मागे बसलेल्या आईच्या कंबरेपुरती असते.

हा रस्ता चौपदरी करण्याचे काम पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या टप्प्यात २०११ साली सुरू झाले. त्या वर्षी पाठशाळेत नवकार मंत्र शिकायला बसलेला मुलगा आता वडिलांच्या पेढीवर जीएसटीचे विवरणपत्र भरतो. रस्त्याची मुदत तेवढी वाढत राहिली. डिसेंबर २०२३ ही तारीख सांगितली गेली, ती गेली. मग जून २०२५ सांगितली गेली, तीही गेली. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली, प्रतिज्ञापत्रे दाखल झाली, त्यांतही तारखा होत्या. बाजारात एखाद्याने इतकी वर्षे ‘पुढच्या महिन्यात नक्की देतो’ असे म्हटले असते, तर दुसऱ्याच दिवाळीनंतर त्याला रोख मोजल्याशिवाय कोणी पोते उचलू दिले नसते.

विलंब का झाला, या प्रश्नाला उत्तरांचा तुटवडा नाही, आणि मौज अशी की बहुतेक उत्तरे खरी आहेत. भूसंपादन रखडले, हे खरे. कर्नाळा अभयारण्यातून जाताना वनखात्याच्या परवानग्या लागल्या, हेही खरे. पाखरांच्या रानातून रस्ता नेताना चार वेळा विचार व्हावा, हे जैन वाचकाला सांगावे लागत नाही. ठेकेदाराचा पैसा आटला, काम थांबले, तेही खरेच. शिवाय इंदापूरपर्यंतचा भाग भारतीय राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे आणि तेथून पुढे झारापपर्यंतचा राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, अशी वाटणी आहे. खड्ड्यांना ही हद्द ठाऊक नसल्याने ते दोन्हीकडे सारख्याच निष्ठेने पडतात.

जबाबदारी टाळणारा मनुष्य क्वचितच खोटे बोलतो. तो आपल्या हद्दीपुरते खरे बोलतो आणि पुढचे वाक्य शेजारच्या कार्यालयावर सोपवतो. अशी पाच खरी वाक्ये एकापुढे एक ठेवली, की त्यांच्या फटीतून अख्खा महामार्ग निसटतो. पेढीवर हे चालत नाही. कीर्दीत रक्कम एका बाजूस जमा झाली, तर दुसऱ्या बाजूस ती कोणाच्या तरी नावे पडावीच लागते. नाव सापडेपर्यंत मुनीम दिवा मालवत नाही. महामार्गाच्या वहीत खर्च आहे, मुदतवाढ आहे, पाहणी दौरे आहेत. ‘नावे’ हा रकाना तेवढा कोरा आहे.

वाचक म्हणतील, खड्डाच तो, त्यासाठी एवढा हिशेब कशाला? त्यांनी याच रस्त्यावरचे महाड आठवावे. तेथे सावित्री नदीवर १९२८ साली बांधलेला दगडी पूल होता. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री मुसळधार पावसात तो पुरात कोसळला आणि दोन एसटी बस व इतर वाहने माणसांसह वाहून गेली. त्याच वर्षी मे महिन्यात पुलाची तपासणी झाली होती आणि धोका आढळला नव्हता, असे दुर्घटनेनंतर सरकारतर्फे सांगण्यात आले. म्हणजे कागद निर्दोष होता. न्यायालयीन चौकशी आयोगही नेमला गेला.

त्या रात्री पुलाजवळ गॅरेज चालवणारा एक गृहस्थ तेथे होता. पूल गेल्याचे लक्षात येताच तो पावसात रस्त्यावर धावला आणि येणारी वाहने अडवू लागला. त्याला कोणी नेमले नव्हते. पूल त्याच्या अखत्यारीत नव्हता आणि ‘हे माझे काम नव्हे’ असे म्हणण्याचा खराखुरा अधिकार त्या रात्री कोणाला असेल, तर तो एकट्या त्यालाच होता. तेवढे एक खरे वाक्य त्याने उच्चारले नाही, म्हणून मागच्या गाड्यांतली माणसे घरी पोहोचली.

आणखी एक गोष्ट नोंदवण्याजोगी आहे. त्याच ठिकाणी नवा पूल १६५ दिवसांत बांधून झाला आणि जून २०१७ मध्ये तो वाहतुकीस खुला झाला. तेच राज्य, तीच नदी, तोच कोकणातला पाऊस. सबंध देशाचे लक्ष त्या एका जागी लागले होते, एवढाच फरक.

उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना शस्त्राला नव्हे, प्रमादाला पुढे ठेवले आहे. बेसावध वृत्तीने घडलेला प्राणघात ती हिंसा, असा त्याचा आशय. प्रमाद म्हणजे निव्वळ आळसही नव्हे. कळत असून लक्ष न देणे, हे त्याचे कार्यालयीन रूप.

भाद्रपदात तर दोन्ही परंपरा एकाच आठवड्यात भेटतात. चाकरमानी गणपतीला गावी निघतात, त्याआधी महामार्गाची पाहणी होते, खड्डे बुजवण्याची नवी तारीख मिळते आणि अवजड वाहनांना बंदी होते. रस्ता ज्यांनी करायचा त्यांची वाट मोकळी राहते. माल ज्याने न्यायचा त्याचा ट्रक नाक्यावर उभा. त्याच दिवसांत संवत्सरी येते आणि घराघरांतून ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हटले जाते. सरकारी भाषेत या शब्दांना पर्याय अजून सापडलेला नाही. जवळचा शब्द ‘दिलगिरी’, आणि तीही झालेल्या गैरसोयीबद्दल असते. क्षमा मागायची तर आधी ‘माझ्याकडून झाले’ असे म्हणावे लागते, आणि तेथे पुन्हा तो कोरा रकाना आडवा येतो.

इतके वाचून समाजबांधवांनी समाधानाने मान डोलावली असेल. त्यांनी आपल्या उपाश्रयाचा नळही आठवावा. पाणी गाळून पिणाऱ्या, अप्कायाची विराधना टाळणाऱ्या मंडळींच्या अंगणात तो पर्युषणापासून ठिबकतो आहे. विश्वस्त म्हणतात, व्यवस्थापकाला सांगितले आहे. व्यवस्थापक म्हणतो, प्लंबरला दोनदा फोन केला. प्लंबर म्हणतो, मागचे बिल खजिनदारांकडे आहे. खजिनदार म्हणतात, ठराव झाल्याशिवाय सही कशी करावी? चौघेही खरे बोलतात. कोणी तरी पुण्यवंताने खाली बादली ठेवली. आता ती भरल्यावर रिकामी कोणी करायची, हा विषय पुढील सभेच्या कार्यक्रमपत्रिकेत आहे.

कार्तिकी पौर्णिमेनंतर विहार सुरू होतात. पावसाने उखडलेल्या रस्त्याच्या कडा तेव्हाही तशाच असतात आणि त्याच कडेने अनवाणी साध्वीजी चालतात. मागून कंटेनर येतात. कडेचा खड्डा चुकवायला साध्वीजींना दोन पावले रस्त्यात यावे लागते आणि मधला खड्डा चुकवायला चालक त्याच क्षणी कडेला येतो. महाराष्ट्रात आणि गुजरातेत विहारातील असे अपघात घडले आहेत. म्हणून विहारसेवेची माणसे चमकते जाकीट घालून, विजेरी घेऊन पुढे-मागे चालतात. महामार्ग होईल तेव्हा होईल. एवढे काम तरी संघाच्या हातचे आहे.

आदल्या संध्याकाळी संघाच्या व्हॉट्सॲप गटावर निरोप येतो: उद्या पहाटे साडेपाच वाजता विहार, सोबतीला श्रावक हवेत. रात्रीपर्यंत दीडशे जणांचे जोडलेले हात खाली उमटतात. ‘खूब खूब अनुमोदना.’ पहाटे उपाश्रयाच्या दाराशी तिघे उभे असतात. त्यांतल्या एकाची विजेरी चार्ज केलेली नसते. ते काम धाकट्या भावाकडे होते.