आपसात कागद कशाला?

"फादर, आपलीच माणसे आहेत. आपसात कागद कशाला?" बुलढाणा जिल्ह्यातील धर्मग्रामांत वावरताना हे वाक्य आम्ही असंख्य वेळा ऐकले. एकदा ते आम्ही स्वतःही उच्चारले. त्याची किंमत आम्हाला नव्हे, दुसऱ्यांना मोजावी लागली. आजचे हे लिखाण त्या अपराधाची कबुली आहे आणि त्या वाक्याविरुद्ध फिर्यादही.

आमच्या धर्मग्रामातील एका विधवा भगिनीने खाजगी इस्पितळात आयुष्यभर परिचारिकेचे काम केले. निवृत्तिवेतन नव्हते. फंडाच्या पैशातून तिने घरामागे दोन खोल्या बांधल्या. त्यांचे भाडे हाच तिचा म्हातारपणाचा आधार. धर्मग्रामातीलच एका तरुण कुटुंबाला जागा हवी होती. आम्ही मध्यस्थी केली. भाडे तोंडी ठरले, अनामत रोख दिली गेली, पावतीचा प्रश्नच कोणी काढला नाही. बाईंनी चाचरत विचारले होते, "फादर, काही लिहून घ्यावे का?" त्यावर आम्ही ते वाक्य बोललो.

दोन वर्षे बरी गेली. मग त्या तरुणाची नोकरी सुटली, भाडे थकले, बोलाचाली झाली. संतापाच्या भरात बाईंनी नळ बंद केला. तो म्हणू लागला की भाडे तितके ठरलेच नव्हते आणि जे ठरले होते ते आपण दिले आहे. दोघेही आमच्यापुढे येऊन उभे राहिले. दोघांच्याही हातात चिटोरेसुद्धा नव्हते. आम्ही कोणाच्या बाजूने आणि कशाच्या आधारे बोलणार? चार वर्षांनी खोल्या रिकाम्या झाल्या. थकलेले भाडे बुडाले. मात्र त्याहून मोठे नुकसान असे की ती दोन कुटुंबे आज एकाच वेळच्या मिस्साबलिदानाला येत नाहीत.

या अनुभवातून आमच्या लोकांनी काय धडा घ्यावा? "खोली भाड्याने देऊच नये!" अनेकांनी नेमका हाच धडा घेतला आहे. वरचा मजला बांधून तयार असतो, पण कुलूप लावलेला. पोरगा पुण्याहून येईल तेव्हा उघडू, म्हणतात. इकडे शेगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातला विद्यार्थी, बदलीवर आलेली शिक्षिका, खामगावच्या बाजारात मापाडीचे काम करणारा माणूस खोलीसाठी दारोदार हिंडतो. २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागात सुमारे १ कोटी १० लाख घरे रिकामी आढळली होती. ती सारी भीतीपोटी बंद होती असे आम्ही म्हणत नाही. पण आमच्या परिचयाची काही कुलपे निश्चितच भीतीची आहेत.

ही भीती निराधार नव्हती, हे आधी मान्य केले पाहिजे. आपला जिल्हा वऱ्हाडातला. येथे 'मध्यप्रांत व वऱ्हाड घरे भाड्याने देणे व भाडेनियंत्रण आदेश, १९४९' लागू होता. त्यानुसार भाडेकरूला काढायचे तर आधी भाडेनियंत्रकाची लेखी परवानगी, मग नोटीस, मग दिवाणी न्यायालय, अशी पायऱ्यांची चढण होती. मलकापूरहून भुसावळला जावे तर तेथे १९४७ चा मुंबईचा कायदा; देऊळगाव राजाहून जालन्याला जावे तर तेथे १९५४ चा हैदराबादचा. महाराष्ट्र १९६० साली एक झाला, पण घरमालक आणि भाडेकरू आणखी चाळीस वर्षे तीन कायद्यांखाली नांदले. ज्यांचे वडील त्या चढणीवर दमले, त्यांची मुले घाबरतात यात नवल ते काय?

परंतु वाचकहो, तो आदेश आता राहिलेला नाही. 'महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम, १९९९' हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला आणि ते तिन्ही कायदे गेले. वडिलांची भीती तेवढी आपण वारसाहक्काने जपून ठेवली आहे.

या नव्या कायद्याचे ५५ वे कलम प्रत्येक घरमालकाने समजून घ्यावे. भाड्याचा असो वा परवान्याचा, करार लेखी हवा आणि तो नोंदवलेला हवा. नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. ती टाळल्यास शिक्षा आहे. आणि नोंदवलेला करार नसेल, तर अटींविषयी भाडेकरू जे सांगेल तेच, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाईल. म्हणजे "आपसात कागद कशाला" म्हणणारा घरमालक आपल्या हाताने आपले तोंड बंद करून घेतो.

येथे कोणी शहाणा म्हणेल, "आम्ही अकरा महिन्यांचा स्टॅम्प करतो ना!" अकरा महिन्यांची ही युक्ती १९०८ च्या नोंदणी कायद्यातून निघाली, एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याला त्यात नोंदणी सक्तीची होती, म्हणून एक महिना कमी. पण ५५ वे कलम मुदत विचारत नाही. अकरा महिने असोत की तीन वर्षे, नोंदणी हवीच. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. उलट राहण्याच्या जागेचा परवान्याचा करार रीतसर लिहिलेला असेल, तर २४ व्या कलमाखाली मुदत संपल्यावर सक्षम प्राधिकाऱ्याकडे जागेचा ताबा मागता येतो आणि त्यानंतर राहिलेल्या दिवसांसाठी दुप्पट दराने भरपाई मागता येते. जो आधार बाईंना हवा होता तो कायद्यात होता. तो आम्ही त्यांना घेऊ दिला नाही.

आता दुसरी बाजू. कागद केवळ घरमालकाचे कुंपण नाही. भाडे मिळताच लेखी पावती देणे कायद्याने बंधनकारक आहे. आमच्यापैकी किती जण देतात? न्याय्य कारणावाचून पाणी वा वीज तोडण्यास मनाई आहे. उन्हाळ्यात नळ बंद करणे हे शस्त्र म्हणून वापरणाऱ्यांत आपलेही लोक आहेत. जागा सोडताना चुन्याचा, खिळ्यांचा, नळाच्या तोटीचा हिशेब काढून अनामत गिळली जाते. केंद्र शासनाने २०२१ साली राज्यांसाठी जो आदर्श भाडेकरार कायदा मांडला, त्यात राहण्याच्या जागेची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरती मर्यादित ठेवली आहे. राज्याच्या कायद्याची वाट न पाहता ही मर्यादा स्वतःहून पाळायला आपल्याला कोणी अडवले आहे काय?

आणि जात विचारून खोली नाकारणाऱ्यांना काय म्हणावे? "ख्रिस्ती आहात? मग जमणार नाही," हे उत्तर ऐकून ज्यांनी गल्ल्या पालथ्या घातल्या, त्यांनीच स्वतःचे घर झाल्यावर दारात उभ्या असलेल्याचे आडनाव तपासावे, याची आम्हाला लाज वाटते.

"पण फादर, कागद मागितला तर अविश्वास दिसतो." हा आक्षेप मनाला भिडणारा आहे, म्हणूनच घातक आहे. यिर्मया संदेष्ट्याने अनाथोथ येथील शेत विकत घेतले ते कोणाकडून? सख्ख्या चुलतभावाकडून, हनामेलकडून. तरीही त्याने सतरा शेकेल रुपे साक्षीदारांसमक्ष तोलून दिले, खरेदीखत लिहून त्यावर मोहोर केली आणि ते दीर्घकाळ टिकावे म्हणून मातीच्या भांड्यात ठेवविले. संदेष्ट्याला भावाबरोबर कागद करताना संकोच वाटला नाही; आम्हाला का वाटावा? माणसे वाईट असतात म्हणून कागद करावयाचा नसतो. माणसे विसरतात, आजारी पडतात, नोकऱ्या गमावतात, मरतात, आणि मागे राहिलेल्यांना काय ठरले होते ते ठाऊक नसते, म्हणून तो करावयाचा असतो.

त्या बाई अजूनही आम्हाला आदराने वागवतात. ते आम्हाला अधिक बोचते. त्यांच्या खोल्यांना आज कुलूप आहे. ते उघडावे म्हणून आम्ही त्यांच्याकडे पुन्हा जाणार आहोत, या वेळी कराराचा मसुदा हातात घेऊन. यापुढे खोलीसाठी आमची शिफारस मागायला येणाऱ्या दोन्ही पक्षांना आमचा पहिला प्रश्न एकच राहील: करार केव्हा नोंदवता?