गाड्या विकणाऱ्या लॅरी मिलरने ‘युटा जॅझ’ शहराबाहेर कसा जाऊ दिला नाही?

युटा हे अमेरिकेच्या पश्चिमेकडचं डोंगराळ राज्य. जॅझ संगीताचं माहेरघर न्यू ऑर्लिन्स तिथून दोन हजारांहून जास्त किलोमीटर दूर आहे. मग युटाच्या बास्केटबॉल संघाचं नाव ‘युटा जॅझ’ कसं?

कारण हा संघ १९७४ साली न्यू ऑर्लिन्समध्ये सुरू झाला आणि १९७९ मध्ये मालकांनी तो उचलून सॉल्ट लेक सिटीला आणला. अमेरिकी लीगमध्ये संघांची संख्या मर्यादित असते. त्यामुळे संघ नसलेली शहरं मालकांना स्टेडियम आणि सवलतींची आमिषं दाखवतात. एकदा आलेला संघ पुन्हा जाऊही शकतो.

१९८०च्या दशकात जॅझवर तीच वेळ आली होती. संघ तोट्यात होता. तेव्हा पुढे आला एक स्थानिक गाडीविक्रेता, लॅरी एच. मिलर.

स्पेअर पार्टच्या काउंटरवरून सुरुवात

१९४४ साली सॉल्ट लेक सिटीत जन्मलेल्या मिलर यांनी कॉलेज अर्धवट सोडलं. गाड्यांचे सुटे भाग विकता विकता ते धंदा शिकले. संघ युटात आला त्याच वर्षी, १९७९ मध्ये, त्यांनी जवळच्या मरी गावात टोयोटाची पहिली डीलरशिप घेतली.

१९८५ मध्ये त्यांनी ८० लाख डॉलरला जॅझचा निम्मा हिस्सा घेतला. पुढच्याच वर्षी उरलेला हिस्सा बाहेरच्या गुंतवणूकदारांकडे जाणार असं दिसताच तोही सुमारे १ कोटी ४० लाख डॉलरला घेतला. यासाठी मोठं कर्ज काढावं लागलं.

हे फक्त खेळाचं वेड होतं का? गाडीविक्रेत्याचं गिऱ्हाईक त्याच्याच शहरात असतं. शहराचा संघ वाचवणारा माणूस म्हणून मिळालेली ओळख शोरूमलाही उपयोगी पडते. जॅझ गेला असता, तर मिलर यांच्या हातून दोन्ही गोष्टी निसटल्या असत्या.

लहान शहरात संघ टिकवायचा तर तिकिटांपलीकडे उत्पन्न हवं. १९९१ मध्ये त्यांनी सुमारे २० हजार आसनांचं डेल्टा सेंटर उभं केलं. पुढे टीव्ही वाहिनीही घेतली. जॉन स्टॉकटन आणि कार्ल मलोन यांच्या जोरावर संघ १९९७ आणि १९९८ मध्ये एनबीएच्या अंतिम फेरीत पोहोचला. दोन्ही वेळा मायकल जॉर्डनच्या शिकागो बुल्सने त्यांना हरवलं.

दुसरी बाजू

कामापायी कुटुंबाला वेळ दिला नाही, ही खंत मिलर यांनी स्वतः बोलून दाखवली होती. २००६ मध्ये आपल्या सिनेमागृहातून समलिंगी प्रेमकथा असलेला ‘ब्रोकबॅक माउंटन’ ऐनवेळी काढून टाकल्याने त्यांच्यावर टीका झाली. एका माणसाकडे शहराचा संघ, मैदान आणि सिनेमागृहं असली की त्याची आवडनिवडही शहराच्या वाट्याला येते.

मधुमेहाच्या गुंतागुंतीमुळे २००९ मध्ये त्यांचं निधन झालं.

मालक गेल्यावर संघाचं काय?

त्याआधीच्याच वर्षी सिएटलने आपला एनबीए संघ गमावला होता. स्टारबक्सचे हॉवर्ड शुल्ट्झ यांनी तो २००६ मध्ये ओक्लाहोमाच्या गुंतवणूकदारांना विकला आणि २००८ मध्ये त्यांनी तो ओक्लाहोमा सिटीला नेला. म्हणजे स्थानिक मालक असला तरी हमी मिळत नाही. मिलर यांच्या पत्नी गेल यांनी २०१७ मध्ये जॅझची मालकी एका न्यासाकडे सोपवली. संघ युटातच राहावा, हा त्यामागचा उद्देश होता.

तरी २०२० मध्ये बहुतांश मालकी विकली गेली. संघाची किंमत ठरली सुमारे १६६ कोटी डॉलर, म्हणजे मिलर यांनी मोजलेल्या २ कोटी २० लाखांच्या जवळपास ७५ पट. घेणारे रायन स्मिथ युटाचेच, पण सॉफ्टवेअर उद्योजक. पुढच्या वर्षी मिलर कुटुंबाच्या डीलरशिपही विकल्या गेल्या.

२०२५ मध्ये बोस्टन सेल्टिक्सच्या विक्रीत त्या संघाची किंमत ६१० कोटी डॉलर धरली गेली. सुट्या भागांच्या काउंटरवरून आलेला माणूस कर्ज काढून आपल्या शहराचा संघ वाचवू शकेल, असे हे आकडे राहिलेले नाहीत. जॅझ आजही युटात आहे, पण पुढच्या वेळी संघ अडचणीत आला तर त्याला वाचवणारा स्थानिक माणूस अब्जाधीशच असावा लागेल.