भिवंडीचे माग आणि तांबडा समुद्र

गाझातील युद्धाशी आपला संबंध काय, असा प्रश्न भिवंडीतील एखाद्या यंत्रमागधारकाने केला, तर त्यास अडाणी ठरविण्याचे कारण नाही. आमच्या सुशिक्षित वर्गातही तो प्रश्न चहाच्या पेल्याबरोबर सर्रास विचारला जातो. ऑक्टोबर २०२३ मध्ये पेटलेल्या त्या युद्धाची झळ तीन महिन्यांच्या आतच आपल्या सागरात येऊन पोहोचली. २३ डिसेंबर रोजी सौदी अरेबियाहून मंगळूरकडे खनिज तेल घेऊन निघालेल्या ‘केम प्लूटो’ जहाजावर आपल्या पश्चिम किनाऱ्यापासून सुमारे २०० सागरी मैलांवर ड्रोन आदळला, आणि ते जखमी जहाज मुंबई बंदरात आणावे लागले. जहाजावरील जवळजवळ सर्व खलाशी भारतीय होते. तिकडे येमेनच्या हूथी बंडखोरांच्या भयाने जहाजे सुएझचा मार्ग सोडून आफ्रिकेस वळसा घालू लागली. दिवस वाढले, भाडे वाढले, विमा वाढला.

भिवंडीच्या मागांवर आज कापसाच्या सुताबरोबर पॉलिएस्टरही चढते, आणि पॉलिएस्टर काही खानदेशच्या शेतात पिकत नाही. ते तेलातूनच निघते. तेव्हा तेलाचा भाव चढला की सुताचा भाव चढतो, आणि माग किती पाळ्या चालवावयाचा हे मालक त्यावरून ठरवितो.

मुंबईला हा धडा नवा नाही. १८६१ साली अमेरिकेत यादवी माजली, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडील कापूस मिळेनासा झाला आणि मुंबईत पैशाचा पूर आला. १८६५ मध्ये युद्ध थांबताच पेढ्या आणि कंपन्या धडाधड कोसळल्या. त्या वेळी आपले धोरण लंडनमध्ये ठरत असे, ही सबब तरी होती.

‘केम प्लूटो’नंतर नौदलाने अरबी समुद्रात युद्धनौका तातडीने धाडल्या, याबद्दल त्याचे अभिनंदन केलेच पाहिजे. परंतु संरक्षण म्हणजे केवळ तोफा नव्हेत. विशाखापट्टणम, मंगळूर व पादूर येथील भूमिगत तेलकोठारांची क्षमता ५३ लाख ३० हजार टन. सरकारच्याच हिशेबाने ती भरलेली असली तरी देशाची गरज सुमारे साडेनऊ दिवस भागेल. तेल कंपन्यांचा साठा निराळा, हे मान्य. पण तो रोजच्या व्यापाराचा. चंडीखोल आणि पादूर येथील पुढच्या टप्प्यास २०२१ मध्ये मंजुरी मिळाली. ते काम कोठवर आले, एवढे तरी भिवंडीच्या खासदारांनी लोकसभेत उभे राहून विचारावे.