काटा हलला म्हणून इंजिन उघडायचे काय?

द्रुतगती मार्गावर मोटारसायकलींना बंदी आहे. त्यामुळे मुंबईहून पुण्याकडे येणाऱ्या बहुतेक गाड्या खंडाळ्याचा घाट चढून जुन्या रस्त्याने येतात आणि तापलेल्या इंजिनानिशी वडगाव, तळेगाव दाभाडे या भागातील आपल्या बांधवांच्या गॅरेजांवरून जातात. त्यातल्या हौशी बुलेटवाल्यांनी हँडलजवळ ऑईलच्या दाबाचा काटा बसवून घेतलेला असतो. सकाळी घरून निघताना वर असलेला काटा इथे येईपर्यंत खाली उतरतो, थरथरतो, मधेच शून्याकडे झुकतो. गिऱ्हाईक घाबरते आणि गाडी आपल्या दारात उभी करते.

अशा वेळी पुष्कळ मिस्त्री आधी ऑईल पंप खोलतात आणि त्यात काही सापडले नाही तर क्रँकपर्यंत जातात. आम्हाला ही रीत मान्य नाही. काटा हलतो याचा अर्थ दाब हलतो असा होत नाही, आणि दाब हलतो याचा अर्थ इंजिन गेले असाही होत नाही.

थंड ऑईल घट्ट असते म्हणून दाब चढतो. फारच चढला तर रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि जादा ऑईल परत सोडतो. इंजिन तापले की तेच ऑईल पातळ होते आणि दाब उतरतो. घाट चढून आलेल्या गाडीचा काटा सकाळपेक्षा खाली असणे हा रोग नव्हे. जुन्या ओतीव लोखंडी बुलेटचा क्रँक तर बॉल आणि रोलर बेअरिंगवर फिरतो. तिला मोठा दाब लागत नाही, ऑईल वाहते राहिले म्हणजे झाले. कंपनीने त्या गाडीला दाबाचा काटा दिलाच नव्हता. तिच्यावर मागाहून बसवलेला काटा गरम इंजिन संथ फिरताना शून्याजवळ आला, तर ऑईल वाहते आहे की नाही एवढे पाहावे. तेवढ्यावरून मजुरीचा आकडा सांगू नये.

आता काट्याच्या खोटेपणाविषयी. विजेवर चालणाऱ्या काट्याचा सेंडर बहुधा एका तारेचा असतो आणि त्याला अर्थ आपल्या आट्यांमधूनच मिळतो. गळती नको म्हणून कोणी त्यावर भरपूर टेफ्लॉन टेप गुंडाळली की अर्थ तुटतो आणि काटा नाचू लागतो. तळेगाव-चाकण रस्त्याच्या हादऱ्यांनी सैल झालेली तार, पावसाळ्यात कनेक्टरमध्ये शिरलेले पाणी, बिघडलेला रेग्युलेटर यांनीही हेच होते. एक सिलिंडरच्या इंजिनाच्या कंपाने साध्या काट्याची सुई अशीही थरथरते. ग्लिसरीन भरलेला गेज त्यासाठीच असतो.

म्हणून पहिले काम म्हणजे दुसरा, नळीने जोडायचा यांत्रिक गेज लावून पाहणे. इंजिन थंड असताना, मग पुरते तापल्यावर संथ फिरताना, मग वेग वाढवून, असे तीन आकडे कागदावर लिहावेत आणि त्या मॉडेलच्या सर्व्हिस पुस्तकाशी ताडावेत. पुस्तकातले एकक आधी बघावे, कारण एक चौरस सेंटिमीटरला एक किलो म्हणजे चौरस इंचाला सुमारे 14.2 पौंड. यांत्रिक गेज स्थिर आणि गाडीचा काटा हलतो, तर दोष तारेत किंवा सेंडरमध्ये. दोन्ही हलत असतील तर आधी ऑईलची पातळी पाहावी. ऑईल कमी असले की ब्रेक मारताना किंवा वळणावर पंप हवा ओढतो. प्रमाणाबाहेर भरले असले तर फेस होतो. त्यानंतर गाळणी, त्यानंतर कचरा अडकलेला रिलीफ व्हॉल्व्ह. बेअरिंगची पाळी सर्वांत शेवटी. मात्र दाब एकाएकी गेला आणि आतून ठोके येऊ लागले, तर काटा खोटा असेल असे म्हणून गाडी चालवू देऊ नये. जागच्या जागी बंद करावी.

यातले बरेचसे आपल्या मिस्त्रींना ठाऊक आहे. मग इंजिन का उघडले जाते? आमच्या मते त्याचे कारण पैशात आहे. आपल्याकडे तपासणीचे पैसे कोणी देत नाही आणि आपणही मागायला लाजतो. तासभर गेज लावून, तार घट्ट करून गाडी दिली तर गिऱ्हाईक चहाचे पैसे पुढे करते. इंजिन उघडले तर हजारांचे बिल मुकाट्याने देते. कुरआन शरीफात मापात कमी देणाऱ्यांवर ‘अल-मुतफ्फिफीन’ ही सूरह आहे. ती किराणा आणि कापडवाल्यांपुरती आहे असे आपण समजून चाललो आहोत. दाबाचा गेजही तराजूच आहे. तो न तपासता त्याच्या नावावर मजुरी घेणे आणि तराजूखाली बोट लावणे यात आम्हाला फरक दिसत नाही. तपासणीची मजुरी मात्र सरळ उजरत आहे, दोष तारेचा निघाला तरीही. ती आधी सांगावी, पावतीवर वेगळी लिहावी आणि घ्यावी. सुरुवातीला चार गिऱ्हाइके कुरकुर करतील. तरीही हा मार्ग धरावा असे आमचे मत आहे, कारण कंपन्यांची सर्व्हिस सेंटरे याच विश्वासाच्या नावाने आपले गिऱ्हाईक नेत आहेत.

आपले कितीतरी तरुण चाकण आणि तळेगावच्या कारखान्यांत फिटर आहेत. तिथे प्रत्येक गेजवर कॅलिब्रेशनच्या तारखेची चिठ्ठी असते आणि मुदत संपलेला गेज कोणी हातात घेत नाही. तेच तरुण संध्याकाळी भावाच्या गॅरेजात बसतात, तेव्हा जुन्या बाजारातून आणलेला, काच फुटलेला गेज चालवून घेतात.

चार-पाच गॅरेजांनी मिळून एक चांगला गेज घ्यावा. पुष्कळ गाड्यांच्या ऑईल स्विचला एक अष्टमांश इंची टेपर आटे असतात, पण सगळ्यांना नाही. टेपर नग सरळ आट्यात जोर लावून पिळला तर ॲल्युमिनियमची केसिंग तडकते, म्हणून ॲडॅप्टरांचा संचही बरोबर हवा. भोसरी-पिंपरी भागात मान्यताप्राप्त कॅलिब्रेशन प्रयोगशाळा आहेत. वर्षातून एकदा गेज तिथे न्यावा, दाखला गॅरेजच्या भिंतीवर लावावा, आणि गेज कोणाकडे कधी गेला याची एक वही ठेवावी.