परसातील झाडे आणि मोरीचे पाणी

कळंब आणि अलिबाग ही दोन गावे नकाशावर पाहिली तर जवळजवळ एकाच अक्षांशावर येतात. सूर्य दोन्हीकडे सारखाच चढतो आणि दिवसरात्रीचे मानही सारखेच असते. एवढ्यावरून कोणी असा तर्क करील की, जे झाड अलिबागच्या वाडीत फळते ते कळंबच्या परसातही फळावे. हा तर्क अनेकांनी केलेला आहे, याची साक्ष गावोगावी घरांमागे उभे असलेले किरट्या, पिवळ्या झावळ्यांचे नारळ देतात. अलिबागला वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि बाराही महिने समुद्राची दमट हवा असते. कळंबला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही चार महिन्यांत, आणि तोही दरवर्षी भरवशाचा नाही. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांच्या वर जातो आणि हवा इतकी कोरडी होते की दोरीवरचे धुणे घटकाभरात वाळते. अशा हवेत नारळ तगतो, परंतु त्याची कोवळी फळे गळून पडतात. झाडाला अक्षांश कळत नाही. हवेतील ओलावा आणि मुळाशी असलेले पाणी एवढेच त्याला कळते.

परसबागेचा प्रचार आज जोमाने चालू आहे, ही समाधानाची गोष्ट होय. ‘उमेद’ अभियानातील महिला बचत गटांनी ‘माझी पोषण परसबाग’ ही मोहीम उचलून धरली. शाळांच्या आवारातही वाफे दिसू लागले. मात्र कोणत्या घरी कोणते झाड द्यावे, हा विचार बहुधा रोपे कोणती उपलब्ध आहेत यावरून होतो. तो त्या घरच्या मोरीतून रोज किती पाणी बाहेर पडते यावरून व्हावयास हवा. या तालुक्यात परसबागेचे खरे माप जागेच्या गुंठ्यांत नसून सांडपाण्याच्या घागरींत आहे. जागा बहुतेकांकडे आहे. पाणी नाही.

परसबाग ही हौस राहिलेली नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. एके काळी ज्वारी, तूर, मूग, उडीद यांच्या मिश्र शिवारातूनच घरची भाजी येत असे. ज्वारीच्या पाटीत अंबाडी असे, बांधावर तांदुळजा, घोळ, पाथरी उगवत. गृहिणी सांजवेळी परतताना ओटीत भाजी घेऊन येई. आज खरिपात बहुतेक शिवार सोयाबीनखाली जाते आणि तणनाशकाच्या एका फवाऱ्यात तणाबरोबर या रानभाज्याही जातात. शेतातून पैसा येतो, परंतु ताटातील हिरवे पान बाजारातून आणावे लागते, आणि बाजार आठवड्यातून एकदा भरतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयाने पीडित आढळल्या. शेताने जे देणे सोडले ते परसाने द्यावे, असा हा प्रश्न आहे. म्हणून परसात कोणते झाड लावले, याला महत्त्व आहे.

आता पाण्याचा हिशेब करून पाहावा. जलजीवन मिशनने माणशी दररोज ५५ लिटर पाणी हे प्रमाण धरले आहे. पाच माणसांच्या कुटुंबास ते २७५ लिटर होते. यातून पिण्याचे, स्वयंपाकाचे आणि शौचालयाचे पाणी वजा करावे. कपडे धुतलेले पाणीही, पुढे येणाऱ्या कारणास्तव, वेगळे काढावे. स्नानाचे आणि भांडी विसळल्याचे मिळून रोजचे शंभर लिटर पाणी परसाकडे वळविता आले तर पुष्कळ झाले. फळावर आलेला एक नारळ उन्हाळ्यात दिवसाला पन्नास लिटर पाणी सहज मागतो. म्हणजे निम्मी परसबाग एकट्या नारळाने गिळली. याउलट फळावरील पपईस पंधरा ते वीस लिटर पुरते, केळीच्या एका खोडासही जवळपास तितकेच, कागदी लिंबाच्या मोठ्या झाडास वीस-पंचवीस लिटर लागते. शेवगा, कढीपत्ता आणि सीताफळ ही एकदा मुळे धरून बसली की उरलेल्यावर भागवितात. एका नारळाच्या पाण्यात दोन पपया आणि एक शेवगा आरामात पोसतो. देवाला वाहावयाचा नारळ दुकानातून घेता येतो. मुलाच्या हातावर रोज पपईची फोड ठेवावयाची तर ती परसातलीच हवी.

यावरून उष्ण प्रदेशातील झाडे कळंबला लावूच नयेत, असा अर्थ कोणी काढू नये. पपई, पेरू आणि सीताफळ ही तिन्ही मूळची अमेरिकेच्या उष्ण कटिबंधातली. पोर्तुगीजांच्या काळात ती या देशात आली आणि सीताफळ तर बालाघाटच्या डोंगरउतारांवर असे पसरले की ते परके आहे असे सांगितल्यास कोणाचा विश्वास बसू नये. उष्ण कटिबंध म्हणजे केवळ भिजलेले रान नव्हे. वर्षातील कित्येक महिने कोरडे काढणारे मुलूखही त्यात आहेत, आणि कळंबने आपली झाडे तेथून घ्यावीत. सीताफळाच्या बाबतीत फार दूर पाहावयास नको. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे सीताफळ संशोधन केंद्र शेजारीच अंबाजोगाईला आहे.

पाण्याइतकीच दुसरी अडचण जमिनीची. येरमाळ्याच्या येडेश्वरी देवीच्या चैत्री यात्रेत लाखो भाविक शिवारातील चुनखडी वेचतात, हे सर्वांना ठाऊक आहे. जी चुनखडी यात्रेत श्रद्धेने वेचली जाते, तीच बारीक कणांच्या रूपाने या भागातील पुष्कळ काळ्या जमिनींत मिसळलेली असते आणि लिंबू, पेरू यांसारख्या झाडांना छळते. जमिनीत लोह असते, परंतु चुन्यामुळे ते मुळांना उचलता येत नाही. मग शेंड्याची कोवळी पाने पिवळी पडतात आणि त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. पिवळेपणा पाहून घरधनी पाणी कमी पडले असे समजतो आणि आणखी पाणी ओततो. त्याने रोग वाढतो, कारण जड जमिनीत ओल साचली की मुळे अधिकच दुबळी होतात. तलावाचा गाळ टाकल्याने हा दोष जाईल, अशीही समजूत आहे. परंतु तो गाळ याच शिवारांतून वाहून आलेला असल्याने त्यातही चुना असतो. खड्डा भरताना निम्मे चांगले कुजलेले शेणखत घालणे हा खरा उपाय. तरीही पाने पिवळी पडल्यास एक लिटर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस विरघळवून सायंकाळी पानांवर फवारावे. पपईवर मात्र आधी एका पानावर पाहून मगच सर्व झाडावर.

मोरीचे पाणी सरसकट चांगले, असेही नाही. पूर्वी भांडी राखेने घासली जात. आज धुण्याच्या भुकटीत सोडा असतो, आणि तो सतत काळ्या जमिनीत मुरत गेला तर जमीन चोपण होते: वरून कडक, भेगाळ, आणि पाणी आत न घेणारी. कपड्यांचे पाणी वेगळ्या चरीने शोषखड्ड्याकडे काढावे असे वर म्हटले ते याचसाठी. स्नानाचे व भांड्यांचे पाणी प्रथम वाळू आणि खडी भरलेल्या लहान खड्ड्यात पडावे, तेथून कर्दळीच्या व अळूच्या ताटव्यातून जावे, मग केळीला मिळावे. अळू उकडून खाल्ला जातो, म्हणून चालतो. कोथिंबीर, मुळा, कांद्याची पात यांसारखी कच्ची खावयाची भाजी या पाण्यावर कधीही घेऊ नये.

पपई या रांगेत सर्वांत शेवटी आणि सर्वांत उंचावर हवी. परसात लावलेल्या बहुतेक पपया दुष्काळाने मरत नाहीत, त्या ऑगस्ट-सप्टेंबरात पाण्याने मरतात. काळ्या जमिनीत बुंध्याशी दोन दिवस पाणी साचले की बुंधा कुजतो आणि भरलेले झाड एका वाऱ्यात आडवे होते. रोप वरंब्यावर लावावे आणि दुहेरी आळे करावे. आतील आळ्यात बुंध्याभोवती माती चढवलेली असावी, पाणी बाहेरच्या आळ्यात द्यावे. पपईची दुसरी गोम अशी की, पुष्कळ जातींत नर आणि मादी झाडे वेगळी असतात, आणि फूल येईपर्यंत ती ओळखता येत नाहीत. एक रोप देऊन कार्यकर्ता निघून जातो, पाच महिन्यांनी ते नर निघते, आणि त्या घरी पपईवरचाच नव्हे तर खात्यावरचाही विश्वास उडतो. एका खड्ड्यात तीन रोपे लावून फुलानंतर एक मादी ठेवावी, शेजारच्या दहा-बारा घरांत मिळून एखादा नर राखावा. किंवा पुसा डेलिशियससारखी जात द्यावी, जिच्यात प्रत्येक झाडाला फळ धरते.

शेवग्याविषयी गावोगावी आढळणारी नाराजी निराळ्या प्रकारची आहे. दाराशी शेवगा असू नये, असे वडीलधारी माणसे सांगतात. या समजुतीस हसण्यापूर्वी झाडाकडे नीट पाहावे. शेवग्याच्या खोडावर पावसाळ्यात केसाळ अळ्यांचे पुंजके बसतात. त्यांचे केस अंगाला लागले की आग होते. शिवाय लाकूड इतके ठिसूळ की वादळात फांदी घरावर किंवा तारेवर पडावयाची. तेव्हा शेवगा दारापासून दूर, परसाच्या कोपऱ्यात असावा, एवढे मान्य करून वाद मिटवावा. अळ्या दिवसा खोडावर गोळा होतात, त्या वेळी काठीला बांधलेल्या पेटत्या पलित्याने त्यांचा नाश करता येतो. पेरियाकुलमची पीकेएम-१ ही जात बियांपासून सहा ते आठ महिन्यांत शेंगा देऊ लागते. हंगाम संपताच झाड कमरेच्या उंचीवर छाटले तर शेंगा हाताला येतात आणि कोवळा पाला भरपूर मिळतो.

हा पाला शेंगांहून मोलाचा आहे, आणि तोच बहुतेक घरांत शेळीला घातला जातो. त्यात लोह आहे, अ जीवनसत्त्वाचे मूळ द्रव्य आहे. पाल्यातील लोह शरीरात सहज शिरत नाही. जेवणात लिंबू पिळले तर ते अधिक प्रमाणात शोषले जाते. म्हणून शेवगा आणि कागदी लिंबू ही दोन झाडे एकाच परसात हवीत, आणि हे सांगण्याचे काम कृषी कार्यकर्त्याइतकेच अंगणवाडी सेविकेचे व आशा कार्यकर्तीचे आहे. जेवणानंतर लगेच घेतला जाणारा चहा या लोहाला अडवितो, हेही त्यांनी जाता जाता सांगावे. ऐकणारे कमी असले तरी सांगावे. पपईबाबत गर्भवतीच्या घरी भीती असते. कच्ची व अर्धकच्ची पपई तिने टाळावी हे योग्यच. परंतु त्या भीतीपोटी झाडच उपटून टाकण्याचे कारण नाही, घरातील लेकरांना पिकलेले फळ हवेच असते.

या सर्व झाडांना पाणी कोण घालते, हा प्रश्न कागदावर विचारला जात नाही. घागर वाहणारी घरची स्त्री असते. टँकरच्या दिवसांत तिने रांगेत उभे राहून आणलेल्या पाण्यातला तांब्या रोपाला घालावा, अशी अपेक्षा करणे न्यायाचे नाही. १९७२ चा दुष्काळ वृद्धांच्या स्मरणात आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडून लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ते तर सर्वांनी पाहिले. असे वर्ष पुन्हा येणार, हे धरूनच परसबागेची आखणी झाली पाहिजे. रोप देतानाच, पाणी तुटल्यावर कोणते झाड आधी सोडावयाचे हेही त्या घरी सांगून ठेवावे, म्हणजे ऐन मे महिन्यात थोडे थोडे पाणी सर्वांना देऊन सर्वच झाडे गमावण्याची पाळी येणार नाही. प्रथम केळी सोडावी. तिचे खोड कापून, चिरून लिंबाच्या आळ्यात पसरावे. त्यातील ओल वाया जात नाही. नंतर पपईचा विचार करावा. दोन असतील तर जुनी काढावी. शेवगा गुडघ्याइतका छाटून टाकावा. मोरीचे जे काही पाणी निघेल ते सोयाबीनच्या भुसकटाचे चार बोटे आच्छादन करून एकट्या लिंबाला द्यावे, कारण ते वाढण्यास चार-पाच वर्षे लागलेली असतात आणि गेले तर तितकीच पुन्हा लागतात. सीताफळाला काही देण्याची गरज नाही. ते पाने गाळून बसते आणि मृगाच्या पावसानंतर पुन्हा फुटते.