फोटोतल्या माणसांची नावे लिहा

आपल्याकडे घरोघरी पत्र्याच्या पेटीत जुने फोटो असतात. कोणाच्या लग्नातले, कोणी ६ डिसेंबरला दादरला आले तेव्हा काढलेले. त्यात आजोबा ओळखू येतात. त्यांच्या शेजारी उभा असलेला माणूस कोण, हे मात्र सांगता येत नाही. बायांची तर आणखी परवड. ‘अमक्याची आई’ म्हटले की ओळख संपली.

मी कचेरीतला कारकून. ज्या कागदावर नाव आणि तारीख नाही, तो कागद पुढे कोणी जपत नाही. फोटोचेही तसेच. खोली बदलताना अनोळखी चेहरे रद्दीत जातात.

बंधू-भगिनींनो, हे काम लांबणीवर टाकू नका. १९५६ च्या धम्मदीक्षेच्या वेळी जे दहा वर्षांचे होते, ते आज ऐंशीच्या घरात आहेत. ही नावे फक्त त्यांनाच ठाऊक आहेत.

आधी फोटोचे साल शोधा. मागे स्टुडिओचा शिक्का असेल तर पत्ता वाचा. सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. तो शिक्क्यात असेल तर ती प्रत त्यानंतरची. मागे चैत्यभूमीचा स्तूप दिसत असेल तर फोटो साधारण १९७१ नंतरचा. कडेवरच्या मुलाचे जन्मसाल शाळेच्या दाखल्यावरून काढा. पण दाखल्यावर १ जून असेल तर जपून. पुष्कळ मुलांची ती तारीख मास्तरांनी अंदाजाने घातलेली आहे.

मग फोटोची झेरॉक्स काढा, प्रत्येक चेहऱ्याला आकडा द्या आणि वडीलधाऱ्यांपुढे ठेवा. आपण नाव सुचवू नका, त्यांना आठवू द्या. दोघांना वेगवेगळे विचारा. ते बोलतात ते मोबाईलवर रेकॉर्ड करा. बाई असेल तर तिचे स्वतःचे नाव, माहेरचे आडनाव आणि गाव विचारा. नाव फोटोच्या मागे, कडेला, पेन्सिलने हलक्या हाताने लिहा. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. खात्री नसेल तर ‘बहुधा’ लिहा आणि कोणी सांगितले तेही लिहा.

ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक १९८९ साली निघाले. बाबासाहेबांच्या चळवळीतल्या बायांना भेटून, विचारून त्यांनी ते लिहिले. वेळेवर विचारले म्हणून ती नावे आज आपल्याला वाचता येतात. आपल्या पेटीतल्या फोटोतही मोर्चाला गेलेली, सभेला भाकरी बांधून निघालेली एखादी बाई असेल. तिचे नाव कोणत्याही पुस्तकात नाही. ते लिहायचे काम आपलेच.

येत्या रविवारी विहारातून आल्यावर आजीपुढे पेटी उघडा. एका बैठकीत एकच फोटो झाला तरी पुष्कळ.

जयभीम!